दिवा, केरसुणी आणि टेपरेकॉर्डर

यंत्राच्या पाठीमागचे झाकण हे आपल्या घरातील सर्वांत कमी वेळा उघडले जाणारे दार होय. कपाटे आपण रोज उघडतो, ट्रंका सणावाराला उघडतो, पावसाळ्यापूर्वी माळाही उपसतो. परंतु रेडिओचे, टेपरेकॉर्डरचे किंवा ॲम्प्लिफायरचे झाकण चार स्क्रूंनी बंद केलेले असते आणि ते चार स्क्रू आपल्याला एखाद्या किल्ल्याच्या कुलपासारखे भासतात. आत जे काही आहे ते आपल्या बुद्धीच्या आवाक्याबाहेरचे आहे, असा निवाडा आपण आत डोकावण्यापूर्वीच देऊन मोकळे होतो. यंत्र बोलते आहे तोवर त्याचे कौतुक करायचे. ते मुके झाले की दुकानात न्यायचे. आणि "आता याचे पार्ट मिळत नाहीत, नवीन घ्या" असे दुकानदार म्हणाला की माळ्यावर चढवून ठेवायचे. तेथून ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर केव्हा जाते, हे पुष्कळदा घरच्यांनाही कळत नाही.

आम्ही अभियंते नाही. आमच्या घरात तांत्रिक शाळेची पायरी कोणी चढलेले नाही. तरीही काही वर्षांपूर्वी आमच्या घरातील आवाजाची यंत्रे, म्हणजे एक कॅसेट डेक, एक ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची एक जोडी, आम्ही उभयतांनी आणि आमच्या कन्येने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून दुरुस्त केली. यंत्रे चालू झाली, हा लाभ उघडच आहे. त्याखेरीज जे हाती लागले त्याला आत्मविश्वास हा एकच शब्द आम्हांला सुचतो. पण तो शब्द आपण ज्या अर्थाने एरवी वापरतो, त्याहून त्याचा अर्थ बराच निराळा निघाला. तोच येथे सांगावयाचा आहे.

मुंबईच्या उपनगरांना आवाजाच्या यंत्रांचे नवल कधी फारसे राहिले नाही. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. आरंभी रेडिओ ही मोजक्या घरांची चैन होती. पुढे तो गावठाणांतील ओसरीवर येऊन बसला आणि त्याच्यासाठी टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. परवान्याची ती छोटी पुस्तिका, आणि तिच्यावरची तिकिटे, आपल्यापैकी अनेकांनी आजोबांच्या कागदपत्रांत पाहिली असेल. ही अट १९८० च्या दशकात गेली. मुलुंडच्या हद्दीपलीकडे ठाण्यात मर्फी रेडिओचा कारखाना होता. अंधेरीत नेल्कोचा होता. १९७३ साली अंधेरी पूर्वेला सीप्झ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी खास वसाहत, उभी राहिली. तिच्या आवारात बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या देवालयाचे अवशेष आजही उभे आहेत. हे देवालय १५७९ चे. १८४० मध्ये साथीच्या रोगामुळे लोकांनी ते सोडले आणि मरोळला नवे बिऱ्हाड केले. ज्या मातीत आपल्या पूर्वजांनी घंटा वाजवली, त्याच मातीत पुढे शेकडो तरुण मुली भिंगाखाली वाकून परदेशी जाणाऱ्या यंत्रांच्या पट्ट्यांवर डाख देत बसल्या. त्यांत आपल्या धर्मग्रामांतल्या मुलीही होत्या. दिवसभर यंत्रांचे सांधे जोडणाऱ्या या मुलींच्या स्वतःच्या घरातला रेडिओ बंद पडला, की मात्र तो नाक्यावरच्या दुकानात जाई. कौशल्य हातात होते. पण "हे काम माझे आहे" असे म्हणण्याची सवय नव्हती.

आपल्या ख्रिस्तसभेनेही या यंत्रांकडे कधी परकेपणाने पाहिले नाही. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी पोप अकरावे पायस यांनी व्हॅटिकन रेडिओचे उद्घाटन केले, तेव्हा ते केंद्र उभारून देणारे मार्कोनी स्वतः तेथे उपस्थित होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी महादूत गाब्रिएल यांना दूरसंचाराचे आश्रयदाते घोषित केले. नाझरेथच्या घरात निरोप घेऊन आलेला दूत आता तारांतून आणि लहरींतून जाणाऱ्या निरोपांचाही सांभाळ करील, ही कल्पना किती सुंदर आहे!

निरोपाचा विषय निघाला, म्हणून कॅसेटविषयी. फिलिप्स कंपनीने कॅसेट १९६३ साली जगापुढे आणली. जेमतेम चार मिलिमीटर रुंदीची फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या संथ गतीने सरकणारी. एका तासाच्या कॅसेटमध्ये ती सुमारे नव्वद मीटर असते. आपल्या उपनगरांत ती खऱ्या अर्थाने पोहोचली ती आखाती देशांत नोकरीला गेलेल्या मुलांच्या हातून. अंधेरीत काय, बोरिवलीत काय, त्या काळी सुट्टीवर आलेल्या माणसाच्या सामानात 'टू-इन-वन' असायचाच. रेडिओही तोच, टेपही तोच. त्यावर मिस्साची गीते वाजत, नाताळात नाचाची गाणी वाजत. आणि लाल बटण दाबले की घरातला कोणताही आवाज त्यात उतरत असे. ज्या आईला पत्र लिहिता येत नव्हते, ती कॅसेटवर बोलून मुलाला दुबईला किंवा कुवेतला निरोप धाडी. या सोयीने आपल्या समाजात काय काय साठवले गेले, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. ती नोंद ट्रंकांत आहे.

आमच्या ट्रंकेत अशा अकरा कॅसेटी निघाल्या. त्यांतील एकीवर निळ्या शाईत 'लग्न, १९८४' एवढेच लिहिलेले होते. लग्नाच्या आदल्या दिवशीचे 'उंबराचे पाणी' आपल्या ईस्ट इंडियन घरांत कसे होते, हे वाचकांना सांगायला नको. बाया नटूनथटून, वाजतगाजत विहिरीवर पाणी आणायला जातात आणि जाता-येता गाणी म्हणतात. त्या वर्षी आमच्या आजीने ती गाणी म्हटली होती आणि घरातल्या कोणीतरी टू-इन-वन कडेवर घेऊन तिच्यामागून चालत ती टिपली होती. आजी १९८७ मध्ये देवाघरी गेली. तिची गाणी कोणी लिहून घेतली नाहीत. तिच्या बरोबरीच्या बायाही एकेक करून गेल्या. ज्या विहिरीचे पाणी आणले, तिच्यावर आता इमारतीची वाहनतळाची फरशी आहे. राहिली ती ही एक कॅसेट. आणि ती वाजवणारा डेक मुका होता. दोन दुकानांत विचारले. एकाने हात लावला नाही. दुसऱ्याने झाकण न उघडताच "फेकून द्या" म्हटले.

म्हणून झाकण आम्ही उघडले. त्यामागे धाडस नव्हते. दुसरा उपायच उरला नव्हता.

आत पाहिल्यावर पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की आत फारसे काही नव्हते. एक मोटर, एक जड चाक, त्या दोघांना जोडणारा रबरी पट्टा, फीत ओढणारा एक बारीक पोलादी दांडा आणि त्याला फीत चिकटवून धरणारे रबरी चाक, फितीवरचा आवाज वाचणारे हेड, आणि बाजूला हिरव्या पट्टीवर लावलेले सुटे भाग. मोजून घेता येतील एवढ्याच गोष्टी. रबरी पट्टा मात्र पट्टा राहिला नव्हता. जुने रबर मुंबईच्या हवेत वर्षानुवर्षे राहिले की वितळून डांबरासारखे होते. तसेच ते चाकावर चिकटले होते. मोटर फिरत होती, चाक फिरत नव्हते. एवढ्यावरून त्या यंत्राला मृत ठरवण्यात आले होते.

ते डांबर कापसाच्या बोळ्यांनी आणि स्पिरिटने पुसायला एक रविवार गेला. पट्ट्याची लांबी दोरा गुंडाळून मोजली. नवा पट्टा त्याहून किंचित आखूड घ्यावा लागतो, म्हणजे तो ताणून बसतो. तो आणण्यासाठी अंधेरीहून धीम्या गाडीने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. रस्त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाले, तरी सुटे भाग शोधणाऱ्या माणसाच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच असतो. तेथे पट्टे जुडीने मिळतात. किंमत चहा-नाश्त्याच्या खर्चाएवढी. घरी आल्यावर पट्टा बसवला, हेड आणि रबरी चाक पुसले; कापसावर तपकिरी भुकटी निघाली. ती फितीवरून झडलेल्या लेपाची होती. वर्षानुवर्षे ऐकलेली गाणीच जणू तेथे साचली होती. विकतची एक कॅसेट घालून बटण दाबले. चाक फिरले, फीत सरकली. पण आवाज एकाच स्पीकरमधून आला आणि त्याच्या पाठीमागे एक अखंड घुमघुम होती.

येथे लूकच्या शुभवर्तमानातील हरवलेल्या नाण्याचा दाखला आठवावा असा प्रसंग होता. त्या बाईजवळ दहा नाणी होती, एक हरवले. ती रडत बसली नाही, शेजाऱ्याकडे गेली नाही. तिने दिवा लावला, घर झाडले आणि सापडेपर्यंत नीट शोधले. या दाखल्यावर प्रवचने आपण पुष्कळ ऐकली आहेत; हरवलेल्या पाप्याविषयी देवाची ओढ त्यात आहे, हे खरेच. परंतु दुरुस्तीच्या टेबलावर बसल्यावर त्या बाईची रीत आमच्या नजरेत भरली. नाणे घरातच आहे, ही तिची पहिली खात्री. घराला कोपरे मोजकेच आहेत, ही दुसरी. प्रकाश असेल आणि कोपरे क्रमाने झाडले तर नाणे सापडेल, ही तिसरी. रेडिओ दुरुस्त करणारा निष्णात कारागीर याहून वेगळे काही करीत नाही.

ॲम्प्लिफायरच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. स्टिरिओ यंत्रात उजवी आणि डावी अशा दोन बाजू असतात आणि त्या जुळ्या भावांसारख्या तंतोतंत सारख्या असतात. एक आजारी पडला तरी दुसरा निरोगी भाऊ शेजारीच उभा असतो. कोणत्या ठिकाणी किती व्होल्ट असावेत हे आपल्याला ठाऊक नसले, तरी बिघडत नाही. चांगल्या बाजूवर मीटर लावावा आणि आकडा लिहून घ्यावा, मग आजारी बाजूवर त्याच जागी लावावा. जेथे आकडे वेगळे पडतात, तेथे थांबावे. प्रथम आम्ही स्पीकरच्या तारांची अदलाबदल केली. तरीही गप्प राहिली ती ॲम्प्लिफायरचीच बाजू. म्हणजे स्पीकर निर्दोष. एक कोपरा झाडून झाला. मग डेकच्या तारांची अदलाबदल, डेकही निर्दोष. दुसरा कोपरा झाला. उरला ॲम्प्लिफायर. त्यात आमच्या लेकीने भिंग धरून पट्टीच्या खालची बाजू पाहिली आणि एका पायाभोवती केसाएवढी गोल चीर दाखवली. डाख सुटलेला होता. बाहेरून तो चकचकीत दिसत होता, पण धातूचा धातूशी संबंध उरला नव्हता. सोल्डरिंग आयर्न तापवून तिनेच त्यावर नवा डाख दिला. हात किंचित थरथरत होता. तरी सांधा नीट बसला. दुसरी बाजू बोलू लागली.

घुमघुमीचे कारण निराळे होते. आपल्या घरातील वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे घेते. यंत्राला लागते ती एकाच दिशेची, संथ वीज. ते हेलकावे जिरवण्याचे काम डब्यासारखे दोन मोठे कंडेन्सर करतात. त्यांच्या आतला ओलसर द्राव वर्षांनी सुकतो, मग हेलकावे पुरते जिरत नाहीत आणि स्पीकरमधून सेकंदाला शंभर कंपनांचा तो खर्ज ऐकू येतो. भांड्याला गळती लागली की भांडे बदलतात, तसे ते दोन कंडेन्सर बदलले. धन आणि ऋण टोके जुन्यासारखीच लावली. व्हॉल्यूमचे बटण फिरवताना खरखर येत होती, ती त्यात साफ करण्याचा फवारा मारून बटण वीस-पंचवीस वेळा मागेपुढे फिरवल्यावर गेली. समुद्राकाठच्या दमट हवेने धातूवर आलेली ती बुरशीसारखी पुटे होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. ही कामे करताना भिंतीतील प्लग उपसून ठेवलेला असला, तरी मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. मीटर लावून ती उतरली याची खात्री केल्याखेरीज आत बोट घालू नये. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत ती दोनशे-तीनशे व्होल्ट असू शकते. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत तर हजारो व्होल्ट असतात. त्याच्या वाटेला आम्ही गेलो नाही आणि कोणी जाऊ नये. भिंतीतून येणारी वीज जेथे यंत्रात शिरते, त्या भागाचे काम आम्ही ओळखीच्या वायरमनकडून करून घेतले. "हे मला येत नाही" असे ठामपणे सांगता येणे हाही आत्मविश्वासाचाच भाग आहे, किंबहुना त्याचा पाया तोच आहे. ज्याने आत डोकावलेले नाही, त्याला कशाला भ्यावे आणि कशाला भिऊ नये, यातला फरक कळण्याचा मार्ग नसतो. तो सगळ्यालाच भितो, नाहीतर कशालाच भीत नाही.

सगळे जुळून आल्यावर आम्ही 'लग्न, १९८४' ही कॅसेट लावली. त्या दिवशी आजीची धाकटी लेक, म्हणजे आमची मावशी, मुद्दाम बोलावली होती. ती आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. गुडघे धरून खुर्चीत बसली. आधी बायांची गडबड, घुमटाचा ठेका, कोणाचे तरी हसणे. आणि मग आजीचा आवाज आला. आम्हांला आनंदाने काही सुचेना. मावशीने मात्र मान हलवली. "ही आई नव्हे," ती म्हणाली. "आईचा आवाज जाड होता. ही कोणी पोर गाते आहे."

प्रथम वाटले, वयाने तिची आठवण पुसट झाली असेल. पण मग कोपरे झाडायची रीत आठवली. विकतच्या कॅसेटी या डेकवर बरोबर सुरात वाजत होत्या. म्हणजे डेकचा वेग ठीक होता. मग बिघाड कॅसेटमध्येच? उलगडा असा, की १९८४ साली तो टू-इन-वन विहिरीवर नेला होता, म्हणजे तो सेलवर चालला होता. सेल उतरत आले की मोटर मंदावते, फीत हळू सरकते. हळू भरलेली फीत योग्य वेगाने वाजवली की आवाज चढा आणि बारीक येतो. वेगात सहा टक्के फरक पडला तरी सूर पेटीवरच्या लगतच्या पट्टीवर जाऊन बसतो. कारखान्यात वेग तपासायला तीन हजार कंपनांचा ठरावीक सूर भरलेली फीत असते. परंतु जगातल्या कोणत्याही कारखान्यात आमच्या आजीच्या आवाजाची प्रमाण फीत नव्हती. ती एकाच ठिकाणी होती: त्या खुर्चीत.

मोटरच्या पाठीमागे एक बारीक भोक असते आणि त्यात वेग कमीजास्त करणारा स्क्रू असतो. डेकचे झाकण उघडे ठेवून, लेकीने लहान स्क्रू-ड्रायव्हर त्यात घातला आणि ती मावशीकडे पाहत राहिली. किंचित फिरवला, मावशीने मान हलवली. आणखी किंचित. "अजून." आणखी. आवाज उतरत गेला, रुंद होत गेला. आणि एका क्षणी मावशीचा हात गुडघ्यावर ठेका धरू लागला. तिला विचारावे लागले नाही. थोड्या वेळाने ती आईबरोबर गाऊ लागली. जी कडवी फितीवर गडबडीत बुडाली होती, तीही तिला येत होती. त्या संध्याकाळी आम्ही त्या कॅसेटची संगणकावर प्रत करून घेतली. मावशीने सांगितलेले शब्द वहीत उतरवून घेतले. आणि मग मोटरचा वेग पूर्ववत केला.

त्या दिवसापासून मावशीत झालेला पालट आम्हांला विचार करायला लावतो. "मला म्हातारीला काय कळते" हे वाक्य तिच्या ओठांवर सदैव असे. मोबाइल, बँक, सरकारी कागद या सगळ्यांनी तिला पटवून दिले होते की तिच्याजवळचे ज्ञान आता कोणाच्या उपयोगाचे नाही. आणि येथे एक यंत्र होते, जे तिच्या होकाराशिवाय बरोबर लागू शकत नव्हते. पुढच्या रविवारी ती आपण होऊन आली. आणखी दोन गाणी आठवली, म्हणाली, लिहून घ्या.

सगळेच वाचले, असे नाही. अकरांपैकी एका कॅसेटवर पावसाळी ओलीने पांढरी बुरशी धरली होती. त्यावर एका काकांनी आखातातून पाठवलेले बोलके पत्र होते. तुटलेली फीत चिकटवता येते. पण जिचा लेपच झडून जातो, तिच्यावरचा आवाज परत आणण्याचा उपाय नाही. ती कॅसेट आम्ही टाकून दिली नाही. त्या पत्रातले जे काकूला आठवत होते, ते तिच्याकडून ऐकून घेतले आणि वहीत लिहिले. बिघाड शोधण्याची विद्या माणसाला हेही शिकवते की काही बिघाड सापडतात, पण सुधारत नाहीत. आणि तसे समजणे हे "फेकून द्या" असे न पाहता म्हणण्याहून फार वेगळे असते.

तर मग आत्मविश्वास म्हणजे काय? "मला सर्व काही जमेल" ही भावना आमच्यात आलेली नाही. आली आहे ती एवढी समजूत, की जे बंद पडले आहे त्याचे कारण कोठेतरी एका जागी असते. जागा मोजक्या असतात. आणि उजेड व सबुरी असेल तर त्या एकेक करून पाहता येतात. ही समजूत टेपरेकॉर्डरपुरती राहत नाही. घरात आजारपण आले तेव्हा डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारताना, सोसायटीच्या हिशेबाचे कागद वाचताना, दुरावलेल्या एका नातलगाशी बोलणे कोठे तुटले हे शोधताना, आम्हांला त्या हिरव्या पट्टीवरची केसाएवढी चीर आठवते. वरून चकचकीत दिसणारा सांधा आतून सुटलेला असू शकतो. आणि पुन्हा ऊब दिली तर तो पुष्कळदा जुळतोही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात वापरून फेकून देण्याच्या संस्कृतीविषयी सावध केले. त्यानंतर २०२२ च्या अखेरीस आपल्या केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक सोय उभी केली आणि १ एप्रिल २०२३ पासून इलेक्ट्रॉनिक कचऱ्याविषयीचे नवे नियम लागू झाले. ही सर्व पावले स्वागतार्ह आहेत. परंतु कोणताही कायदा आपल्या घरातले झाकण उघडून देणार नाही. आणि फेकण्याची सवय वस्तूंपाशी थांबत नाही, हे तर आपण आपल्याच घरांतील म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत पाहत आहोत.

वाचकहो, आपल्याही ट्रंकेत अशा कॅसेटी असतील. पावसाळा लागण्यापूर्वी त्या बाहेर काढा. बुरशी आहे का पाहा. असेल तर ती कॅसेट वेगळी ठेवा आणि यंत्रात घालू नका. कोणत्या वर्षीचा, कोणाचा आवाज आहे हे वर नावानिशी लिहा, कारण 'लग्न' एवढ्याने तीस वर्षांनी कोणाला काही कळत नाही. बंद डेक असेल तर प्लग काढून झाकण उघडा आणि निदान पट्टा शाबूत आहे का, एवढे पाहा. लेकीच्या हातात सोल्डरिंग आयर्न द्या आणि खिडकी उघडी ठेवा, कारण तो धूर छातीला चांगला नाही. आणि वाजवून पाहण्याच्या दिवशी घरातल्या सर्वांत वडील माणसाला यंत्राजवळची खुर्ची द्या. आवाज बरोबर लागला की नाही, हे तेच सांगतील.